मुलाचा पत्ता

रात्रीच्या एसटीनं इथवर आलेल्या माझ्या शिक्षक बंधुभगिनींनो,



दोन दिवस या संमेलनात आपण चीन आणि अमेरिकेतल्या शाळांविषयी बोलणार आहोत. 2009 च्या पिसा या आंतरराष्ट्रीय चाचणीत शांघायची मुलं पहिली आली, तेव्हापासून या दोघांत सरस कोण, हा वाद चालू आहे. मला मात्र दुसऱ्याच गोष्टीनं अस्वस्थ केलंय. ती म्हणजे मुलाचा पत्ता.

चीनमध्ये दरवर्षी 7 जूनला काओखाओ, म्हणजे विद्यापीठ प्रवेशाची परीक्षा सुरू होते. 2024 साली तिच्यासाठी 1 कोटी 34 लाखांवर नावं नोंदली गेली. केंद्राबाहेर कित्येक आया शुभशकुन म्हणून लाल छीपाव हा पारंपरिक पोशाख घालून उभ्या असतात. पण बापानं बीजिंगमध्ये वर्षानुवर्षं इमारती बांधल्या, तरी त्याचं हुकोऊ, म्हणजे घरनोंदणी, गावाकडचंच असेल, तर लेकराला बहुधा परीक्षेसाठी गावीच परतावं लागतं.

अमेरिकेत अशी एकच देशव्यापी परीक्षा नाही. जवळपास 13 हजार शालेय जिल्हे आपापला कारभार पाहतात. तिथं आई विजेचं बिल घेऊन नाव घालायला जाते, कारण राहता पत्ता बहुतेकदा शाळा ठरवतो. शाळेच्या पैशाचा मोठा वाटा स्थानिक मालमत्ता करातून येतो, म्हणून महागड्या वस्तीतली शाळाही श्रीमंत. टेक्सासमधल्या सॅन अँटोनिओच्या गरीब वस्तीतले पालक याविरुद्ध कोर्टात गेले. 1973 मध्ये सर्वोच्च न्यायालयात ते पाच विरुद्ध चार मतांनी हरले. एका मतानं! हे वाचताना आजही माझ्या जिवाला लागतं.

या दोन देशांना जोडणारा एक धागाही आहे. बाबासाहेब कोलंबिया विद्यापीठात जॉन ड्यूईंच्या वर्गात बसले, हे आपण जाणतो. त्याच विद्यापीठात 1915 मध्ये थाओ शिंगझी हा चिनी तरुण आला. पुढं 1927 मध्ये त्यानं नानजिंगजवळ खेड्यांसाठी शिक्षक घडवणारी शाळा काढली. खेड्यातल्या मुलाच्या दारात शाळा नेण्याचा ध्यास त्याला लागला होता.

आपल्याकडंही पत्ता मुलाच्या शाळेआड येतो. दिवाळीच्या सुमारास आईबापांबरोबर ऊसतोडीला निघणाऱ्या मुलांचे शिक्षक आज सभागृहात आहेत. वर्ग रिकामा होताना त्यांनी पाहिलाय. हुकोऊवरच्या उद्याच्या सत्रात पहिलं बोलणं त्यांचं व्हावं, अशी अध्यक्षांना माझी विनंती आहे.