तळ्याकाठचे ठाणे आणि आपण

(वार्षिक स्नेहसंमेलनात केलेले भाषण)



‘आपले ठाणे : काल आणि आज’ हा विषय कार्यकारिणीने आम्हांस नेमून दिला आहे. विषय मोठा आणि वेळ वीस मिनिटांचा. शिवाय भाषणानंतर भोजन आहे, ह्याची जाणीव आम्हांस श्रोत्यांइतकीच आहे. तेव्हा सगळे ठाणे सांगण्याच्या भरीस न पडता मासुंदा तलावाच्या, म्हणजे आपल्या तलावपाळीच्या, काठावरून जेवढे दिसते तेवढेच सांगावे असे आम्ही ठरविले आहे. मंडळापुढे जो जागेचा प्रश्न सध्या आहे, त्याचाही ह्या तलावाशी संबंध आहे. तो ओघाने येईल.

ठाणे हे मुंबईचे उपनगर, असे आपण सहज म्हणून जातो. वस्तुतः मुंबई सात बेटांवर विखुरलेली होती तेव्हा ठाणे राजधानीचे नगर होते. 1787 साली येथील किल्ल्यात खोदकाम चालू असता शिलाहार राजा अरिकेसरी ह्याचा इ. स. 1017 चा ताम्रपट सापडला. तो किल्ला त्याआधी 1737 मध्ये मराठ्यांनी पोर्तुगीजांकडून घेतला होता, आणि आज तेथे कारागृह आहे. तलावाजवळचे कोपिनेश्वराचे देवालय सरसुभेदार रामाजी महादेव बिवलकर ह्यांनी 1760 साली नव्याने बांधविले. तलाव त्याहूनही जुना.

उपनगरपण आले ते आगगाडीबरोबर. 16 एप्रिल 1853 रोजी बोरीबंदराहून चौदा डब्यांची पहिली गाडी सुटली, ती ठाण्यास येऊन थांबली. त्या एकवीस मैलांनी ठाण्याचा दिनक्रमच बदलला. गावाचे घड्याळ देवळाच्या घंटेवरून सुटून स्थानकाच्या वेळापत्रकास बांधले गेले, ते आजतागायत तसेच आहे. सकाळची अमुक वाजताची गाडी चुकली म्हणून ज्याचा दिवस बिघडला नाही असा ठाणेकर आम्ही तरी पाहिलेला नाही.

आपल्या ज्ञातीची बहुतेक कुटुंबे ह्याच गाडीच्या मागोमाग येथे आली. गिरगावात, दादरला जागा परवडेनाशी झाली तेव्हा नौपाड्यात, चरईत, खारकर आळीत दोन खोल्या मिळू लागल्या. कर्ता पुरुष मुंबईच्या कचेरीत, आणि बाकीचे बिऱ्हाड येथे. दिवसा हे गाव बायकांचे, मुलांचे आणि पेन्शनरांचे असे. दोन खोल्यांत आठ माणसे राहत. पाहुणे आले की मुलांनी अभ्यासाचे पुस्तक घेऊन बाहेर पडावे, हा अलिखित नियम होता. बाहेर म्हणजे कोठे? एक तर 1893 साली विनायक लक्ष्मण भावे ह्यांच्या पुढाकाराने स्थापन झालेल्या मराठी ग्रंथसंग्रहालयात, नाही तर तलावपाळीवर. त्या कट्ट्यावर किती परीक्षांचा अभ्यास झाला आणि किती सोयरिकींची पहिली बोलणी झाली, ह्याची नोंद आपल्या वधूवर-वहीत नाही. पण पुष्कळ घरांतील आजीबाई ती तोंडपाठ सांगतील. आणखी एक गोष्ट ज्ञातीच्या व्यासपीठावरून बोलावी की नाही असा विचार मनात आला, तरी बोलतोच. त्या कट्ट्यावर शेजारी कोण बसला आहे, त्याची ज्ञाती कोणती, हे कोणी कोणास विचारीत नसे. आपण आपल्या मंडळात एकत्र येऊन शिष्यवृत्त्या दिल्या, हे चांगलेच केले. पण आपली मुले ठाणेकर झाली ती त्या कट्ट्यावर.

पुढची वाढ भराभर झाली. 1962 मध्ये औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले आणि वागळे इस्टेटीत कारखाने उभे राहिले. ज्यांना मुंबईची गाडी नको होती त्यांना येथेच नोकरी मिळाली. 1978 साली तलावाकाठी गडकरी रंगायतन झाले, आणि नाटकासाठी दादरला जाऊन शेवटची गाडी गाठण्याची धांदल संपली. 1982 मध्ये नगरपालिकेची महानगरपालिका झाली. 2011 च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या अठरा लाख एकेचाळीस हजारांवर गेली होती. कारखान्यांच्या कित्येक जागांवर आता निवासी मनोरे आहेत. घोडबंदर रस्त्यावर मानपाडा, कासारवडवलीपर्यंत जी वस्ती झाली, तिच्यात आपलीही बरीच तरुण कुटुंबे आहेत. त्यांना तेथे हवा, उजेड आणि मुलांना खेळावयास जागा मिळाली. जुन्या मंडळींनी त्यांस ‘लांब गेलेले’ म्हणून नाके मुरडू नयेत; त्यांचे आजेसासरेही एके काळी गिरगावाहून लांब गेलेलेच होते!

ह्या वाढीत तलावांचे काय झाले? पूर्वी ठाण्यात साठाहून अधिक तलाव होते असे सांगतात. आज पस्तीसच्या आसपास उरले आहेत. जे बुजले त्यांची हळहळ पुष्कळजण करतात. आम्हांस चिंता वाटते ती उरलेल्यांची. तलाव म्हणजे पाण्याने भरलेला खड्डा नव्हे. भोवतालच्या उताराने पावसाचे पाणी त्यात उतरते म्हणून तो तलाव. उपवनास येऊरच्या डोंगराचा आधार आहे. शहराच्या मध्यावरील तलावाभोवती मात्र डांबर आणि काँक्रीट झाले, पाऊस गटारांवाटे परस्पर खाडीस जाऊ लागला, आणि आत उरले ते साचलेले पाणी. अशा पाण्यात निर्माल्य कुजले की प्राणवायू कमी होतो आणि एके सकाळी मासे पांढरे पोट वर करून तरंगताना दिसतात. प्लास्टरच्या मूर्ती तर विरघळतच नाहीत. महापालिकेने विसर्जनासाठी कृत्रिम हौद केले, निर्माल्य वेगळे घेण्याची व्यवस्था केली. आपल्यातील काही घरांत अजूनही ‘आमच्या आजोबांपासून तलावातच’ असा आग्रह धरला जातो. त्या घरांस आम्ही नम्रपणे विचारतो : आजोबांची मूर्ती वीतभर उंचीची आणि शाडूची होती, हे आपणांस ठाऊक आहे ना?

आता मंडळाचा प्रश्न. तलावाजवळच्या आपल्या दोन खोल्या ज्या इमारतीत आहेत तिचा पुनर्विकास व्हावयाचा आहे. एक सूचना अशी आली आहे की, नव्या इमारतीतील हक्क विकून त्या पैशांत घोडबंदर रस्त्याकडे मोठे सभागृह घ्यावे. सूचना करणाऱ्यांचा हेतू चांगला आहे. तिकडील सभासदांस रविवारी तलावपाळीपर्यंत येण्यास तास तास लागतो, आणि आल्यावर गाडी उभी करण्यास जागा नसते, ही अडचण खरी आहे. दोन खोल्यांत संमेलन मावत नाही, हेही खरे. म्हणून तर आज आपण भाड्याच्या सभागृहात बसलो आहोत.

तरीही आमचे मत त्या सूचनेच्या विरुद्ध आहे. संमेलन वर्षातून एकदाच असते. तेवढ्यासाठी सभागृह भाड्याने मिळते. खोल्या रोज उघडतात. मंगळवारी तेथे ज्येष्ठ भगिनी जमतात, त्यांतील बहुतेकींना गाडी चालविता येत नाही आणि रिक्षाचे भाडे सुनेकडे मागणे आवडत नाही. त्या चालत येतात, आणि परत जाताना तलावाला एक फेरी मारतात. कल्याणकडचे, मुलुंडकडचे सभासद स्थानकावर उतरून पायी पोहोचतात. गावाहून शिकावयास आलेला मुलगा शिष्यवृत्तीचा अर्ज घेऊन येतो तोही गाडीनेच. सभागृह मोठे झाले, पण ह्यांतील कोणी येईनासे झाले, तर त्या जागेचे आपण काय करणार? लग्नासाठी भाड्यानेच देणार. शिवाय तलावाकाठची जागा एकदा सुटली की ती पुन्हा आपल्या ऐपतीत येणार नाही, हे खजिनदार आम्हांपेक्षा चांगले सांगतील. आमची सूचना अशी की नव्या इमारतीत जागा घ्यावी, ती तळमजल्यावर किंवा उद्वाहनाच्या सोयीची मागावी, आणि घोडबंदरच्या कुटुंबांसाठी दर महिन्यास एक बैठक तिकडे कोणाच्या तरी संकुलात भरवावी.

ठराव सर्वसाधारण सभेपुढे यावयाचा आहे. मत देण्यापूर्वी तिकडील मंडळींनी एखाद्या मंगळवारी संध्याकाळी मुलांसह ह्या खोल्यांत यावे, अशी विनंती आहे. भगिनीमंडळ पाच वाजता जमते, चहा असतो. जिन्याची चौथी पायरी सुटलेली आहे. तेवढी सांभाळून चढावी.