कवितेची पहिली पारख

मराठी समीक्षा म्हटले की 1874ची चिपळूणकरांची ‘निबंधमाला’ आठवते. पण कवितेची पारख त्याहून जुनी आहे. 14व्या शतकाच्या आरंभी महानुभाव कवी भास्करभट्ट बोरीकरांनी ‘शिशुपाळवध’ रचला. परंपरा सांगते, की पंथातल्या जाणत्यांनी काव्याला दाद दिली. मात्र त्यातला शृंगार संसारी माणसाला शोभेल, विरक्ताला नव्हे, असेही सुनावले. कवी रुसला नाही. त्याने मग विरक्ताला शोभेल अशी ‘उद्धवगीता’ लिहिली. रचना सुंदर असणे आणि ती श्रोत्याला योग्य असणे, या दोन कसोट्या तेव्हाच वेगळ्या झाल्या. अशी पारख मराठीबाहेरही झाली: पुढे 17व्या शतकात पश्तो कवी खुशाल खान खटक यांनी पूर्वसुरींची झाडाझडती कवितेतूनच घेतली. पुढच्या काव्यवाचनाला सौंदर्य आणि योग्यता या दोन्ही कसोट्या जरूर लावून पाहा.