दहा जंतूही पुरे

पोट बिघडलं की मेडिकलमधून अँटिबायोटिकच्या दोन गोळ्या आणायच्या, ही आपल्याकडची सवय मला फार धोक्याची वाटते. त्याचं एक कारण शिकागो विद्यापीठातल्या उंदरांनी दाखवून दिलं आहे.

मार्जोरी बोनहॉफ आणि फिलिप मिलर हे शास्त्रज्ञ १९५० ते १९६५ या काळात उंदरांना साल्मोनेला पाजून पाहत होते. टायफॉईडचा जंतूही याच कुळातला. धडधाकट उंदराच्या आतड्यात साल्मोनेला सहजी रुजत नसे. निम्म्या उंदरांना लागण व्हायची तर प्रत्येकाला सुमारे १ लाख जंतू द्यावे लागत. मग त्यांनी आधी स्ट्रेप्टोमायसिन दिलं आणि त्या औषधाला न जुमानणारा साल्मोनेला पाजला. आता दहापेक्षाही कमी जंतू पुरले!

असं का झालं? आतड्यात कायम राहणारे आपले जंतू अ‍ॅसेटिक आणि ब्युटिरिक आम्ल तयार करतात, प्राणवायूही फारसा उरू देत नाहीत. तिथे साल्मोनेलाची वाढ खुंटते. औषधानं मारलं ते या राखणदारांना.

पुढे १९८५ साली शिकागोच्याच परिसरात दुधातून साल्मोनेलाची मोठी साथ आली. तपासणीत सिद्ध झालेले रुग्णच १६ हजारांहून अधिक होते. जंतू अनेक औषधांना दाद न देणारा होता, आणि आजारापूर्वी अँटिबायोटिक घेतलेल्यांना धोका जास्त असल्याचं आढळलं. उंदरांत दिसलं ते माणसांतही दिसलं.

बरं, जंतू औषधाला दाद देणारा असला, तरी काम तिथे संपत नाही. आतडं ओलांडलेल्या साल्मोनेलाला शरीरातल्या भक्षक पेशी गिळतात, पण तो त्यांच्या पोटातच तग धरतो. लंडनच्या इम्पीरियल कॉलेजमधल्या संशोधकांनी २०१४ साली दाखवलं, की गिळलेल्यांपैकी काही जंतू वाढणंच थांबवतात. अँटिबायोटिक मुख्यतः वाढणाऱ्यांना मारतं. हे स्वस्थ बसलेले वाचतात. प्रयोगशाळेच्या अहवालात जंतू ‘सेन्सिटिव्ह’ असतो आणि भक्षक पेशींत मात्र तो जिवंत राहतो.

या उरलेल्यांना संपवायचं काम प्रतिकारशक्तीचं. टी-पेशी इंटरफेरॉन गॅमा सोडतात, त्यानं भक्षक पेशी चेततात आणि आतला जंतू मारू शकतात. जन्मतः थायमस ग्रंथी नसलेल्या उंदरांत या टी-पेशी जवळजवळ नसतातच. लशीसाठी मुद्दाम दुबळा केलेला साल्मोनेला निरोगी उंदीर काही आठवड्यांत निपटून काढतो. थायमस नसलेल्या उंदरांना तोही निपटता येत नाही.