मुफ्तार वस्तीतली सिस्टर रोझली

पॅरिसची मुफ्तार वस्ती एकोणिसाव्या शतकात अठराविश्वे दारिद्र्याची होती. अरुंद गल्ल्या, ओल धरलेल्या खोल्या आणि हाताला काम नसलेली माणसं. सिस्टर रोझली रेंद्यू या जोगिणीने आपल्या आयुष्याची पन्नासहून अधिक वर्षं इथे घालवली. १८३२मध्ये कॉलऱ्याची साथ आली, तेव्हाही ती घरोघरी जाऊन आजाऱ्यांची शुश्रूषा करत राहिली. औषधं, मुलांसाठी शाळा, म्हाताऱ्यांना आसरा, ज्याला जे लागेल ते तिने उभं केलं.

१८३३मध्ये फ्रेडरिक ओझानाम हा वीस वर्षांचा विद्यार्थी आपल्या मित्रांना घेऊन गोरगरिबांच्या सेवेला लागला. या पोरांना ती पाव-सरपणाच्या चिठ्ठ्या द्यायची आणि कोणत्या घरी जायचं ते सांगायची. माझ्या मते तिची खरी शिकवण यापुढची होती. चिठ्ठी दारातून देऊन परत फिरायचं नाही. घरात जायचं, बसायचं, त्या माणसाचं बोलणं मन लावून ऐकायचं. गरिबाला पाव हवा असतो, तसा मानही हवा असतो. आणि मान काही दारातून देता येत नाही.

त्या विद्यार्थ्यांच्या गटातूनच संत विन्सेंट दी पॉल संस्था वाढली. मुंबई-वसईतल्या चर्चमध्येही तिचे सदस्य आहेत. आजही ते शक्यतो दोघं मिळून गरजूंच्या घरी जातात. किराणा पोचवतात, औषधपाण्याची, मुलांच्या शाळेची चौकशी करतात. मदत घेणाऱ्याचं नाव मात्र चारचौघांत घेत नाहीत.