टिकोपिया: जायचं, पण कसं?

आज जाऊया टिकोपियाला. सॉलोमन बेटांच्या पूर्वेकडचं हे पॉलिनेशियन बेट जेमतेम 5 चौरस किलोमीटरचं. विमानतळ नाही, बोट येईल तेव्हा खरी! 4 ‘अरिकी’, म्हणजे प्रमुखांचा शब्द इथे आजही मानतात. साधारण 1600च्या सुमारास बागा उकरणारी सगळी डुकरं बेटानं संपवली, कारण जमीन तेवढीच आणि खाणारी तोंडं जास्त. नीरफणस खड्ड्यात आंबवून वादळासाठी राखायची रीतही जुनी. डिसेंबर 2002मध्ये ‘झोई’ वादळानं घरं-बागा झोपवल्या, पण माणूस एकही गेला नाही. लोक कड्यांच्या आडोशाला गेले होते.

आता विचार करा, तिथे आपण म्हणजे आणखी एक तोंड. म्हणून आधी अरिकींची परवानगी घ्या, आपला तांदूळ सोबत न्या आणि प्लास्टिक परत आणा. बेट जपलंय त्यांनी, आपण निदान बिघडवू तरी नये.