जखम भरल्यानंतर

१३ सप्टेंबर १८४८ रोजी अमेरिकेच्या व्हरमाँट राज्यात लोहमार्गासाठी सुरुंग ठासताना फिनीअस गेज या मुकादमाच्या मस्तकातून लोखंडी पहार आरपार गेली. तो जगला, परंतु स्वभाव इतका पालटला की स्नेह्यांना तो पूर्वीचा गेज वाटेना, असे डॉ. हार्लो यांनी १८६८ साली नोंदविले. ग्रंथांतून बहुधा एवढेच सांगितले जाते. पुढे चिली देशात त्याने अनेक वर्षे घोडागाडी हाकली, हे मागे पडते. ठरलेला मार्ग व रोजचे काम यांनी त्याला सावरले असावे, असे काही अभ्यासक मानतात. १८६० मध्ये अपस्माराच्या झटक्यांनंतर त्याचा अंत झाला. तात्पर्य, मेंदूची गंभीर इजा पुष्कळदा जन्मभर सोबत करते. जखम भरल्यावरही देखरेख आणि काम यांची गरज संपत नाही.