पट्ट्यांची गोधडी
(महोत्सवानिमित्त भरलेल्या महिलांच्या सभेंत केलेलें भाषण)



या महोत्सवांत थोर विषयांवर बोलणारे वक्ते पुष्कळ आहेत. मला नेमून दिलेला विषय मात्र आपल्या माजघरांतला आहे. तो म्हणजे गोधडी.

घरोघरीं पेटीच्या तळाशीं असे कांहीं कपडे असतात कीं जे वापरवत नाहींत आणि टाकवतहि नाहींत. वडिलांचा सदरा, आजीचें लुगडें, लेकराचें झबलें! त्यांवर कात्री चालविणें म्हणजे आठवणच कापणें, असें वाटून हात अडखळतो. परंतु पेटींत ठेवलेल्या कपड्याला कसर लागते व घडीवर तो विरतो. गोधडींत शिवलेला तुकडा मात्र रोज रात्रीं अंगावर येतो. आणि ती गोधडी सुंदर करावयास अधिक कापड लागत नाहीं, अधिक व्यवस्था लागते.

आतां कृति ऐका. प्रथम सर्व कापड धुवून घ्यावें, म्हणजे आटावयाचें तें आटतें आणि रंग सोडणारें ओळखूं येतें. मग तें उजेडासमोर धरून विरलेला भाग सोडून द्यावा. फिक्याकडून गडदाकडे असे सहा रंग निवडून प्रत्येकाची १८ इंच लांब व ३ इंच रुंद पट्टी कापावी. या पट्ट्या लांबीच्या बाजूनें, पाव इंच कापड शिवणींत धरून, क्रमानें जोडाव्या. शेवटची पट्टी पुन्हां पहिलीला जोडली म्हणजे कापडाचें एक नळकांडें होतें. शिवण सारखी हवी; एका शिवणींत सुताभर फरक पडला तर सहा शिवणींत तो पाऊण इंच होतो.

इतकें शिवून होतें न होतें तोंच तें नळकांडें दर ३ इंचांवर आडवें कापावयाचें असतें! त्याचीं सहा कडीं होतात. येथेंच नवशिकी मुलगी घाबरते. नीट शिवलेलें पुन्हां कां कापावें, असें तिला वाटतें. पण सारी करामत या दुसऱ्या कापण्यांतच आहे. पहिलें कडें पहिल्या रंगाच्या शिवणीवर उसवावें, दुसरें दुसऱ्या रंगाच्या, तिसरें तिसऱ्याच्या. उलगडलेल्या प्रत्येक पट्टींत रंग तेच, पण त्यांचा क्रम एकेका पायरीनें सरकलेला असतो. त्या पट्ट्या शेजारीं शेजारीं शिवल्या कीं रंग जिन्यासारखे तिरपे चढत जातात. तीन पायऱ्या चढवून पुन्हां उतरविले तर डोंगराचें शिखर उठतें.

असा चौकोन गोधडींत बसला म्हणजे १५ इंचांचा भरतो. त्यांत ३६ तुकडे असतात, पण एकहि तुकडा सुटा हातीं धरावा लागत नाहीं. असे २० चौकोन, चार रुंदीला व पांच लांबीला, जोडले कीं ५ फूट रुंद व सव्वासहा फूट लांब अशी गोधडीची वरची बाजू तयार होते. खालीं जुन्या लुगड्यांचे थर अंथरून कडेपासून आंत बारीक धावदोरा घालीत जावें.

ही युक्ति दूरदेशींहि मानाची आहे. अमेरिकेतील फ्लॉरिडाच्या दलदलीच्या प्रदेशांतील सेमिनोल जमातीच्या स्त्रियांना हातानें फिरवावयाचीं शिवणयंत्रें मिळालीं. पट्ट्या जोडाव्या, आडव्या कापाव्या, सरकवून पुन्हां जोडाव्या, या रीतीनें त्यांनीं आपले घागरे व सदरे नटविले. १९२० च्या सुमारास ही कला त्यांच्यांत चांगली रुजली होती. आजहि ती त्या जमातीची ओळख आहे.

भगिनींनो, फिक्या पट्टीवांचून गडद पट्टी खुलत नाहीं. म्हणून रेशमाची वाट पाहत बसूं नये. घरांत असेल तें सुती कापडच या कामाला उत्तम. बाजारांत तयार ब्लँकेटें हवीं तेवढीं मिळतात, पण तीं कोणाच्या सदऱ्याचीं, कोणाच्या लुगड्याचीं, हें कोणी सांगूं शकत नाहीं. आणि ज्यांच्या बोटांत धावदोरा आहे अशा वृद्ध भगिनी आपणांस जन्मभर पुरणार नाहींत.

म्हणून माझी एवढीच विनंति आहे. या महोत्सवाच्या वर्षीं प्रत्येक घरानें एक तरी चौकोन शिवावा. सुई आजीनें धरावी, कात्री नातीच्या हातीं द्यावी, आणि ज्या कपड्याची पट्टी कापली तो कोणाचा होता, हें तिला शिवतां शिवतां सांगावें.